गारपिटीत घराचं आणि गाडीचं नुकसान: विम्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाल्गुन-चैत्रात अवकाळीचे ढग जमले की हे प्रश्न यायला लागतात, आणि मे संपेपर्यंत थांबत नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली महाराष्ट्रातली गारपीट अनेकांना आठवत असेल. तेव्हा चर्चा झाली ती पिकांची, आणि ते बरोबरच होतं. पण पत्रे, कौलं आणि गाड्यांच्या काचा यांचा हिशेब ज्याचा त्यालाच करावा लागतो. हे पान त्याच हिशेबासाठी आहे. पीक विम्याचे नियम वेगळे असतात, त्याबद्दल इथे काही नाही.

१. गारपिटीचं नुकसान विम्यात येतं का? हो की नाही, तेवढंच सांगा.

गाडीच्या पॉलिसीत 'ओन डॅमेज' म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असेल तर हो. पूर, वादळ, चक्रीवादळ यांच्याच यादीत तिथे गारपीट नाव घेऊन लिहिलेली असते. घराचा विमा असेल तर बहुतेक वेळा हो, पण तिथे शब्दांची थोडी भानगड आहे, ती प्रश्न १३ मध्ये पाहा. घराचा विमाच काढलेला नसेल तर अर्थात नाही, आणि बहुतेक घरांची गोष्ट इथेच संपते.

२. माझ्याकडे थर्ड पार्टी विमा आहे. तो चालेल ना?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार जो विमा सक्तीचा आहे, तो तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देण्यासाठी. गारांनी तुमच्याच टपावर पोचे पाडले, त्याच्याशी त्याचा संबंध नाही. पोलिसांनी अडवल्यावर दाखवायला तो पुरतो, गॅरेजच्या बिलाला पुरत नाही. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेली) किंवा वेगळी 'स्टँडअलोन ओडी' (फक्त ओन डॅमेजची) पॉलिसी हवी.

३. शोरूममधून गाडी घेताना तीन वर्षांचा विमा दिला होता. दुसरंच वर्ष चालू आहे, मग क्लेम का नाकारला?

हा सापळा फार जणांना भोवतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्याच कागदावर ओन डॅमेजचा भाग मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. मालकाच्या डोक्यात 'तीन वर्षं' एवढंच राहतं, आणि वर्ष सरल्यावर गाडी गारांपुढे उघडी पडते.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात. आज घरी गेल्यावर तेवढ्या वाचा. ओडी संपलेली असेल तर नवी घेण्याआधी कंपनी गाडीची तपासणी करते. तेव्हा दिसलेले पोचे 'आधीचे' म्हणून नोंदवले जातात आणि पुढे कधीच मिळत नाहीत. ढग दाटल्यावर विमा काढायला धावणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

४. गारा आत्ताच थांबल्या आहेत. लगेच काय करू?

फोटो काढा. बाकी सगळं नंतर. गार हा तासाभरात पाणी होऊन जाणारा पुरावा आहे. चार दिवसांनी सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, येतो तेव्हा अंगण कोरडं असतं, आणि पोचे गारांचेच हे तुम्हाला शब्दांत पटवून द्यावं लागतं.

मूठभर गारा तळहातावर घेऊन, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. अंगणातला गारांचा थर, झाडाची झडलेली पानं, फुटलेली कौलं, गाडी जिथे उभी होती ती जागा, हे सगळं एका सलग व्हिडिओत घ्या आणि त्यात नंबर प्लेट दिसू द्या. पोचे भर उन्हात समोरून नीट दिसत नाहीत. संध्याकाळी तिरप्या उजेडात, किंवा बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकला की एकेक खळगा उठून दिसतो. हे सर्व्हेअरलाही दाखवायला विसरू नका.

मग कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. त्यानंतर नुकसान वाढणार नाही एवढी सोय करा: फुटक्या काचेवर प्लास्टिक, कौलांवर ताडपत्री. ताडपत्रीचं बिल ठेवा. फुटकी कौलं, काचेचे तुकडे, पत्र्याचे वाकलेले भाग टाकू नका. आणि कंपनीने पाहण्याआधी गाडी डेंटिंगवाल्याच्या ताब्यात देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

५. पोलिसांत तक्रार किंवा पंचनामा लागतो का?

नुसत्या गारपिटीच्या नुकसानीला एफआयआर लागत नाही. गावात तलाठ्याने घराच्या पडझडीचा पंचनामा केला असेल तर त्याची प्रत जरूर जोडा, कारण त्या दिवशी त्या गावात गारा पडल्या याचा तो सरकारी पुरावा असतो. हवामान खात्याचं केंद्र तुमच्या गावापासून लांब असू शकतं, आणि गारपीट बहुतेक वेळा अरुंद पट्ट्यातच होते. एका शिवारात पांढरा सडा आणि शेजारच्या गावात टिपूस नाही, असं होतं. म्हणून 'केंद्रावर नोंद नाही' असं कुणी म्हटलं तर दबून जाऊ नका. स्थानिक बातमीचं कात्रण, शेजाऱ्यांचे फोटो, त्याच आळीतल्या इतर गाड्यांचे क्लेम, हे सगळं उपयोगी पडतं.

६. कळवायला उशीर झाला. आता क्लेम गेला का?

गेलाच असं नाही. केवळ उशिराच्या कारणावरून खरे क्लेम फेटाळू नयेत, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०११ सालीच कंपन्यांना बजावलं आहे. उशिराचं कारण लेखी द्या: गावाला होतो, वीज नव्हती, दवाखान्यात होतो, जे खरं असेल ते. अडचण येते ती पुराव्याची. मधल्या काळात गाडी दोनदा ठोकली असेल तर गारांचा पोचा कुठला आणि धडकेचा कुठला, हे ठरवणं अवघड होतं.

७. सर्व्हेअर कधी येणार? निकालाला किती दिवस?

आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय घ्यायचा, असा क्रम आहे. सर्व्हेअरकडून अहवाल वेळेत मिळवणं ही कंपनीची जबाबदारी आहे, तुमची नाही. मोठ्या गारपिटीनंतर एकाच वेळी शेकडो गाड्या रांगेत असतात, तेव्हा लहान नुकसान मोबाइलवरच्या व्हिडिओतूनही पाहिलं जातं. कॅशलेस गॅरेजमध्ये, म्हणजे जिथे बिल कंपनी थेट भरते तिथे, गाडी लवकर लागते ती बहुधा तिथे जागा असते म्हणून. कॅशलेस आहे म्हणून पैसे जास्त मिळत नाहीत.

८. बिल ४८ हजार झालं आणि कंपनीने ४० हजारच दिले. बाकीचे कुठे गेले?

बहुतेक वेळा फसवणूक नसते. घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याने उतरलेली किंमत, आणि सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची ठरावीक रक्कम, यांत ते जातात. साधारण नियम असा की काचेवर घसारा नाही. प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के. फायबर ग्लासवर ३० टक्के. आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के.

साडेतीन वर्षांची, १५०० सीसीपर्यंतची गाडी धरा. पुढची काच १२,००० रुपये, नवं बोनेट १०,०००, प्लास्टिकचे दिवे आणि आरशाची कव्हरं ६,०००, रंगकाम १२,०००, पोचे काढायची मजुरी ८,०००. जीएसटी हिशेबाच्या सोयीसाठी सोडून दिला आहे. काच पूर्ण मिळते. बोनेटवर २५ टक्के म्हणजे २,५०० कापले जातात, प्लास्टिकवर ३,०००. रंगाच्या एकत्रित बिलाचा एक चतुर्थांश भाग मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १,५००. मजुरीवर कपात नाही. वर प्रत्येक क्लेमला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. एकूण ८,००० गेले. १५०० सीसीच्या वरच्या मोटारीला ही वजावट २,००० असते, दुचाकीला १००. प्रीमियम कमी करायला तुम्ही स्वतःहून जास्तीची वजावट घेतली असेल तर तीही इथेच कापली जाते, आणि ती घेतल्याचं कुणालाच आठवत नसतं.

'झिरो डेप' म्हणजे घसारा न कापण्याचं ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेलं जोडसंरक्षण) असेल तर घसाऱ्याचे ७,००० वाचतात, वजावटीचे १,००० मात्र जातातच. वर्षात किती वेळा हा लाभ मिळेल याला बहुतेक कंपन्यांची मर्यादा असते.

९. क्लेम करावा की दुरुस्तीचा खर्च खिशातून करावा? नो क्लेम बोनस जाईल म्हणतात.

जाईल. गारपिटीत तुमची चूक नव्हती, पण बोनस चूक कुणाची ते पाहत नाही, क्लेम झाला का एवढंच पाहतो. हा बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट, आणि तिची चढण अशी असते: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के.

समजा यंदा तुम्हाला ३५ टक्के सूट आहे. क्लेम नाही केला तर पुढच्या नूतनीकरणांना ४५, ५०, ५०, ५०, ५० अशी सूट मिळेल. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दोन्हींतला फरक जोडला तर ४५, ३०, २५, १५ आणि ५, मिळून १२० टक्के. म्हणजे ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम वर्षाला १०,००० असेल तर पाच वर्षांत साधारण १२,००० रुपयांचा लाभ हातचा जातो. गाडीची किंमत दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा कमीच येतो, आणि मधल्या काळात दुसरा क्लेम झालाच तर आणखी कमी.

तेव्हा कंपनीकडून हाती येणारी रक्कम आठ-दहा हजारांच्या आत असेल तर मी खिशातून खर्च करेन. तीस-चाळीस हजार असेल तर बोनसचा मोह धरू नये. 'एनसीबी प्रोटेक्ट' म्हणजे नो क्लेम बोनस राखणारं ॲड-ऑन असेल तर हा विचार करायची गरजच नाही, फक्त त्यातली क्लेमची मर्यादा वाचा.

१०. पोचे रंग न खरवडता काढता येतात म्हणे. कंपनी ते मान्य करते का?

हो, आणि गारांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा चांगलंच असतं. पत्रा आतून हळूहळू दाबून मूळ आकारात आणतात. कंपनीचा मूळ रंग तसाच राहतो, लांबी (पुट्टी) भरावी लागत नाही. गॅरेजवाला त्याला पीडीआर म्हणेल. रंगाला तडा गेला असेल, पोचा पत्र्याच्या कडेवर असेल किंवा पत्रा ताणला गेला असेल तर ते जमत नाही. सर्व्हेअरने पीडीआर मंजूर केला आणि तुम्ही नवं बोनेट टाकलं, तर फरक तुमच्या खिशातून.

११. काच फुटलेल्या अवस्थेतच पावसात गाडी घरी आणली. आत पाणी गेलं, नंतर इंजिनही बंद पडलं. हे मिळेल का?

इथे दोन वेगळी नुकसानं आहेत. फुटलेल्या काचेतून त्याच वादळात पाणी येऊन सीट भिजली, तर ते गारपिटीच्याच ओघात आलं असं म्हणता येतं. पण नुकसान झालेली गाडी दुरुस्तीआधी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या जोखमीवर, अशी अट पॉलिसीत असते. साचलेल्या पाण्यातून नेऊन इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर 'इंजिन प्रोटेक्ट' ॲड-ऑनशिवाय आशा धरू नका. सुरक्षित जागा मिळाली की गाडी उभी करा आणि टोइंग मागवा.

गाडीतला लॅपटॉप, कॅमेरा यांसाठी वेगळं ॲड-ऑन लागतं. बाहेरून बसवलेला सीएनजी किट किंवा महागडी म्युझिक सिस्टीम पॉलिसीत नोंदवलेली असेल तरच धरतात. सनरूफ कंपनीकडूनच आलेलं असेल तर तो गाडीचाच भाग.

१२. जुनी गाडी विकत घेतली. पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. गारपिटीत नुकसान झालं तर?

थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येतो. ओन डॅमेजचा येत नाही. तो नावावर करून घ्यायला हस्तांतरणापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आरसी नावावर झाली, विम्याचं राहून गेलं, असं सर्रास होतं. मग नव्या मालकाची पॉलिसी नाही आणि जुन्या मालकाची गाडी नाही, त्यामुळे क्लेम दोघांनाही मिळत नाही.

१३. माझ्या घराच्या पॉलिसीत 'गारपीट' हा शब्दच नाही. मग?

घाबरू नका, पण अर्ज जपून लिहा. एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या मजकुराची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळ, चक्रीवादळ, झंझावात, पूर अशी एक नोंद आहे, आणि बाहेरची कुठलीही वस्तू आदळून झालेलं नुकसान अशी दुसरी. वादळी पावसाबरोबर आलेली गार या दोन्हींत बसते. म्हणून फॉर्मवर नुसतं 'गारांनी पत्रे फुटले' असं लिहू नका. 'अमुक तारखेला वादळी वारा, पाऊस व गारपीट होऊन गारांच्या आघाताने पत्रे फुटले' असं लिहा. यात खोटं काहीच नाही. जे झालं ते पॉलिसी ज्या शब्दांत ओळखते त्या शब्दांत सांगायचं, इतकंच.

१४. घराचं नेमकं काय काय धरतात? सोलर पॅनल, टाकी, गाडीची शेड?

भारत गृह रक्षात घराच्या इमारतीबरोबर कुंपणभिंत, फाटक, व्हरांडा, गॅरेज आणि गाडी लावायची जागा, पक्की बसवलेली पाण्याची टाकी, सोलर पॅनल, वातानुकूलन यंत्रणा हेही येतं. गारांपुढे सर्वांत आधी बळी जातात त्या सोलर वॉटर हीटरच्या काचेच्या नळ्या आणि सिमेंटचे जुने पत्रे. विमा काढताना छप्पर कशाचं आहे ते खरं लिहा. स्लॅब लिहून प्रत्यक्षात पत्रा निघाला तर वाद तिथेच सुरू होतो.

घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असं संरक्षण आपोआप मिळतं. गाडी मात्र सामानात मोजत नाहीत, पोर्चमध्ये उभी असली तरी.

१५. कौलं फुटली, पाऊस आत आला आणि टीव्ही, गाद्या भिजल्या. सामानाचं मिळेल का?

मिळायला हवं, कारण पाणी आत येण्याचं मूळ कारण विम्यात बसणारंच आहे. वाद होतो तो जुन्या गळतीवरून. भिंतीवर गेल्या तीन पावसाळ्यांचे पिवळे ओघळ दिसत असतील तर सर्व्हेअर विचारणारच. फुटलेलं कौल आणि त्याच्या बरोबर खाली भिजलेली वस्तू एकाच फोटोत आली तर निम्मा वाद मिटतो.

१६. घराची विमा रक्कम किती ठेवायची? फ्लॅट तर सत्तर लाखांचा आहे.

बाजारभाव विसरा. विमा जमिनीचा नसतो, पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाचा असतो: चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. भारत गृह रक्षात ही रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढते, आणि रक्कम कमी पडली म्हणून त्या प्रमाणात क्लेम कापत नाहीत. इतर पॉलिसींत ही सवलत असेलच असं नाही.

१७. घर भाड्याचं आहे, सोसायटीत आहे, किंवा कर्जावर आहे. मग क्लेम कोणाचा?

भाडेकरूने फक्त सामानाचा विमा काढायचा, इमारत मालकाची. सोसायटीने इमारतीचा विमा काढला असेल तर गच्ची आणि सामायिक भागांचा क्लेम सोसायटी करते. तुमच्या खिडक्यांच्या काचा त्यात येतात की नाही ते सोसायटीची पॉलिसी मागून पाहा, चिटणीसांच्या तोंडी भरवशावर राहू नका. कर्ज असेल आणि पॉलिसीत बँकेचं नाव असेल तर रक्कम आधी बँकेकडे जाते. आणि गृहकर्जाबरोबर बँकेने दिलेला विमा कधी कधी घराचा नसतोच, तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. तेही एकदा उघडून वाचा.

१८. सरकारी मदत घेतली तर विमा मिळत नाही का?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत गारपीट आहे, आणि घराच्या पडझडीला त्यातून ठरावीक मदत मिळते. ती मिळाली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. गाडीच्या पोच्यांना मात्र या निधीतून काही मिळत नाही.

१९. क्लेम फेटाळला किंवा फारच कमी मंजूर केला. कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा, कारण नेमकं काय लिहिलंय हे कळल्याशिवाय भांडणाला अर्थ नाही. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. उलट क्रम मात्र चालत नाही: ग्राहक आयोगात प्रकरण सुरू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत.

२०. मार्चमध्ये गारांचा क्लेम झाला, एप्रिलमध्ये पुन्हा गारा पडल्या. दुसरा क्लेम करता येतो का?

येतो, पण तो स्वतंत्र क्लेम धरतात, म्हणून वजावट पुन्हा जाते. बोनस आधीच गेलेला असतो, त्यामुळे प्रश्न ९ मधला हिशेब दुसऱ्यांदा करायची गरज नाही. खरी अडचण पहिल्या वेळचे पोचे न काढता पैसे घेतले असतील तर येते. तेच पोचे दुसऱ्यांदा कुणी देणार नाही, आणि जुना कुठला, नवा कुठला हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. दुरुस्ती झाली की बिल आणि स्वच्छ गाडीचे चारही बाजूंचे फोटो जपून ठेवा.

२१. गारांच्या भाराने पार्किंगची शेड कोसळली आणि गाडीवर पडली. क्लेम कुठल्या पॉलिसीत?

शेड तुमची असेल तर दोन क्लेम: शेडचा घराच्या पॉलिसीत, गाडीचा मोटारीच्या. दोन कंपन्या असतील तर सर्व्हेअरही दोन येतील, आणि पहिल्याने पाहिलं म्हणून मलबा उचलाल तर दुसऱ्याला दाखवायला काही उरणार नाही. दुरुस्ती इतकी मोठी निघाली की तिचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या विमा किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला, तर टोटल लॉस धरून आयडीव्हीच्या हिशेबाने रक्कम देतात.

शेड सोसायटीची किंवा शेजाऱ्याची असेल तरी गाडीसाठी आधी आपल्याच मोटार विमा कंपनीकडे जा. खांब गंजलेले होते, लेखी तक्रारी करूनही दुरुस्त केले नाहीत, असं असेल तर ते कागद कंपनीला द्या. तुम्हाला पैसे दिल्यावर हलगर्जी करणाऱ्याकडून ते वसूल करायचा हक्क कंपनीला मिळतो. पण तोवर शेजाऱ्याशी परस्पर 'मिटवलं' म्हणून सही करून देऊ नका. त्या सहीने कंपनीचा हक्क जातो, आणि मग कंपनी तुमच्या क्लेमलाही हात लावू देत नाही.